बदलती आज्ञावली आणि स्थायी आदेश

यंत्र म्हणजे एकदा चावी दिली की तेच काम त्याच रीतीने करीत राहणारी वस्तू, अशी आपली समजूत आहे. ‘यंत्रासारखा राबतो’ असे आपण एखाद्याविषयी म्हणतो, तेव्हा त्यात त्याच्या श्रमाचे कौतुक असते तसाच त्याच्या ठराविकपणाला टोमणाही असतो. परंतु गेल्या अडीचशे वर्षांत माणसाने आणखी एका जातीची यंत्रे घडविली आहेत. भोवतालची परिस्थिती पालटली की ही यंत्रे आपली चालही पालटतात. प्रथम ती लोखंडाची होती, पुढे विजेच्या तारांची झाली, आणि आज ती नुसत्या लिहिलेल्या आज्ञांची झाली आहेत. संगणकाला द्यावयाच्या आज्ञांच्या या मालिकेला आपण आज्ञावली म्हणतो, आणि बाजारात तिला सॉफ्टवेअर हे नाव आहे. परिस्थिती पाहून आपले वर्तन बदलणारी आज्ञावली कशी घडत आली, आणि त्या इतिहासातून काम करणाऱ्या माणसाने काय शिकावे, हा आजचा विषय आहे.

विषय इंजिनिअरांचा आहे आणि मी इंजिनिअर नव्हे. माझे आयुष्य कामगार संघटनेच्या कामात गेले. पण अलीकडे आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत एक वाक्य वरचेवर ऐकू येते. ‘हा दर कोणी बदलला?’ असे विचारले तर उत्तर मिळते, ‘कोणी बदलला नाही, सिस्टिमने परिस्थिती पाहून बदलला.’ ज्या निर्णयाला कर्ताच नाही असा निर्णय कारखानदारीच्या इतिहासात पूर्वी कधी झाला होता काय? हा प्रश्न मला या इतिहासाकडे घेऊन गेला.

आधी या यंत्रांची घडण समजावून घेऊ. घरातली विजेची इस्त्री घ्या. तिच्या पोटात दोन धातूंची जोडपट्टी असते. तापली की ती वाकते आणि वीज तोडते, निवली की सरळ होते आणि वीज पुन्हा जोडते. म्हणजे येथे तीन अंगे आहेत. उष्णता ओळखणारी नजर हे पहिले अंग. ‘इतके तापावे, याहून अधिक नको’ ही ठरवून दिलेली मर्यादा हे दुसरे. आणि वीज जोडणारा व तोडणारा हात हे तिसरे. कितीही गुंतागुंतीची आज्ञावली घ्या, ती परिस्थितीशी जुळवून घेणारी असेल तर तिच्यात ही तीन अंगे सापडतातच. मात्र इस्त्रीवरची मर्यादा कोणी ठरविली? सुती की रेशमी, हे पाहून चकती फिरविणाऱ्या माणसाने. इस्त्रीला नजर आहे, हातही आहे; मर्यादा तिची स्वतःची नाही. एवढी गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे पुढचा सगळा इतिहास उलगडत जातो.

या इतिहासाच्या उंबरठ्यावर एक मुलगा उभा आहे. अ‍ॅडम स्मिथने १७७६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात त्याची गोष्ट दिली आहे. पहिल्या वाफेच्या इंजिनांवर एक पोरगा ठेवीत. दट्ट्या वरखाली होई त्याप्रमाणे बाष्पपात्र व नळकांडे यांमधील वाट उघडायची व मिटायची, एवढेच त्याचे काम असे. एका पोराला सवंगड्यांबरोबर खेळायला जायचे होते. त्याने झडपेच्या दांड्याला दोरी बांधून ती यंत्राच्या हलत्या भागाला जोडून दिली. झडप आपोआप चालू लागली आणि पोर खेळायला मोकळे झाले. गोष्ट शब्दशः खरी मानायला इतिहासकार तयार नाहीत. पण तिच्यात एक सत्य आहे. यंत्राला कोणत्या क्षणी काय हवे, हे ज्ञान प्रथम त्या यंत्रापाशी उभे राहणाऱ्याच्या हातात असते, आणि तेथूनच ते यंत्रात उतरते. दोरी बांधल्यावर त्या मुलाची मजुरी चालू राहिली की बंद झाली, हे मात्र स्मिथसाहेब सांगत नाहीत.

यानंतर १७८८ साल येते. पवनचक्कीत जात्याच्या दोन तळ्यांमधले अंतर वाऱ्याच्या जोराप्रमाणे सांभाळण्यासाठी फिरत्या गोळ्यांची एक युक्ती आधीपासून वापरात होती. जेम्स वॅटने ती वाफेच्या इंजिनाला लावली. एका उभ्या दांड्याला दोन जड गोळे टांगलेले असतात. इंजिन वेगाने फिरू लागले की गोळे बाहेर फेकले जातात आणि त्यांच्या ओढीने वाफेची वाट अरुंद होते; वेग मंदावला की गोळे खाली येतात आणि वाट रुंदावते. या युक्तीला गव्हर्नर म्हणतात. कारखान्यात अचानक दहा यंत्रे बंद पडोत की वीस नवी जोडली जावोत, मुख्य इंजिनाचा वेग ठरल्या मापाच्या आसपास राहू लागला.

मात्र गव्हर्नरला एक खोड होती. काही इंजिने वेग सांभाळण्याऐवजी झोके खात. वेग वाढला की गव्हर्नर वाफ फार तोडी, मग वेग फार घसरे, मग वाफ फार सुटे, आणि झोका वाढतच जाई. खबर उशिरा पोचली आणि हात जोराने चालला म्हणजे असे होते. १८६८ साली जेम्स क्लर्क मॅक्सवेलने ‘ऑन गव्हर्नर्स’ या निबंधात गणिताने दाखवून दिले की, कोणत्या अटीत ही गडबड आपोआप शमते आणि कोणत्या अटीत ती वाढत जाऊन यंत्राचा ताल सुटतो. परिस्थितीशी जुळवून घेणे हा गुण खराच, पण तो बेतशीर नसेल तर तोच घातक ठरतो, हे शास्त्राने त्या दिवशी नोंदविले. आणखी एक गोष्ट शास्त्राने नोंदविली नाही, कारण ती त्याच्या कक्षेत नव्हती. गव्हर्नर वेग सांभाळतो, पण वेग किती असावा ते सांगत नाही. ते मालक सांगत असे, आणि त्या वेगाबरोबर माणसांनी धावायचे असे.

आता आपण ऐंशी वर्षे ओलांडून दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात येऊ. अमेरिकेतील गणिती नॉर्बर्ट वीनर यांनी युद्धकाळात ज्युलियन बिगेलो यांच्यासह विमानवेधी तोफांचा प्रश्न अभ्यासिला होता. वैमानिक तोफ चुकवण्यासाठी वळणार, त्या वळणाचा अंदाज घेऊन तोफेने आपला नेम बदलायचा. या अभ्यासातून त्यांनी १९४८ साली ‘सायबरनेटिक्स’ हा ग्रंथ लिहिला. हे नाव सुकाणूवाल्याच्या ग्रीक शब्दावरून त्यांनी घेतले. ‘गव्हर्नर’ हा शब्दही लॅटिनमार्गे त्याच मुळातून आलेला आहे, आणि नाव ठेवताना त्यांना मॅक्सवेलच्या निबंधाचे स्मरण होते. केलेल्या कृतीचा परिणाम काय झाला याची खबर परत कर्त्याकडे यावी आणि तिच्या आधारे पुढची कृती सुधारावी, हे तत्त्व प्राण्यांत व यंत्रांत एकच आहे, असे त्यांचे म्हणणे. आज ज्याला सर्रास फीडबॅक म्हणतात ते हेच.

त्याच वर्षी इंग्लंडात ग्लॉस्टर येथील मनोविकारतज्ज्ञ रॉस अ‍ॅशबी यांनी ‘होमिओस्टॅट’ नावाचे यंत्र बांधले. ते वॅटच्या गव्हर्नरच्या एक पायरी पुढे गेले. त्यात चार भाग एकमेकांशी जोडलेले होते आणि प्रत्येकाला मर्यादा आखून दिलेली होती. मर्यादेच्या आत असेतो यंत्र किरकोळ फेरफार करी. पण मर्यादा ओलांडली गेली की ते आपली जोडणीच बदली, आणि तोल सापडेपर्यंत बदलत राही. चारही भागांच्या पंचवीस पंचवीस स्थिती धरल्या तर ३,९०,६२५ जोडण्या होतात. गव्हर्नरचा नियम ठरलेला असतो, तो फक्त पाळला जातो. येथे यंत्राने नियमच पालटावयास आरंभ केला. आजच्या ‘शिकणाऱ्या’ आज्ञावलींचे कूळ शोधायचे तर ते या यंत्रापाशी सापडते.

मग १९४९ साल आले. वीनर यांना एका मोठ्या कंपनीने अशा स्वयंचलित यंत्रांबाबत सल्ला विचारला होता. तो देण्याचे त्यांनी नाकारले. आणि १३ ऑगस्ट १९४९ रोजी त्यांनी मोटार कामगारांच्या संघटनेचे अध्यक्ष वॉल्टर रूथर यांना पत्र लिहिले. पत्राचा आशय असा की, परिस्थिती पाहून स्वतःला सावरून घेणारी यंत्रे संगणकाच्या साह्याने लवकरच कारखान्यांत येतील, त्यांतून जवळजवळ कामगारांवाचून चालणारा कारखाना उभा राहील आणि बेकारी ओढवेल. तेव्हा संघटनेने या विषयात आधीच लक्ष घालावे, आपण साह्यास तयार आहोत. काही दिवसांतच रूथर यांची तार आली. विषयात त्यांना आस्था होती व भेटीची इच्छा होती. ज्या शास्त्रज्ञाने या विद्येला नाव दिले, त्यानेच ग्रंथ छापून होतो न होतो तोच संघटनेचे दार ठोठावले, ही गोष्ट या विद्येच्या क्रमिक पुस्तकांत क्वचितच सापडते. आपण ती विसरू नये.

जुळवून घेणाऱ्या यंत्रांची खरी परीक्षा आकाशात झाली. ‘एक्स-१५’ हे अमेरिकेचे प्रायोगिक रॉकेट-विमान हवेच्या जवळजवळ बाहेर जाई. जमिनीजवळच्या दाट हवेत सुकाणूची पाती किंचित हलली तरी पुरे. उंचावरच्या विरळ हवेत तेवढ्याच परिणामासाठी ती फार हलवावी लागत. म्हणून या मालिकेतील तिसऱ्या विमानात ‘एमएच-९६’ नावाची जुळवून घेणारी व्यवस्था बसविली. तिच्यात आज्ञावली नव्हती, विजेची मंडले होती; ती आपला जोर परिस्थितीप्रमाणे आपणच वाढवी व घटवी. २० डिसेंबर १९६१ रोजी या विमानाचे पहिले उड्डाण नील आर्मस्ट्राँग यांनी केले. १५ नोव्हेंबर १९६७ रोजी याच विमानात मायकेल अ‍ॅडम्स हा वैमानिक ठार झाला. विजेचा बिघाड, सूचकाचे चुकीचे वाचन, विमानाची गिरकी अशी कारणांची साखळी होती. पण गिरकीतून विमान बाहेर आल्यावर ही व्यवस्थाच झोके खाऊ लागली. तिने आपला जोर वेळेवर उतरविला नाही, त्यामुळे विमान सावरता आले नाही आणि ते हवेतच मोडले. मॅक्सवेलने ज्याबद्दल सावध केले होते, तेच शंभर वर्षांनी घडले.

दोनच वर्षांनी त्याच आर्मस्ट्राँग यांच्यासमोर दुसरे जुळवून घेणारे यंत्र होते, आणि तेथे मात्र गोष्ट सुखरूप पार पडली. हे असे का झाले ते तपशिलाने पाहण्याजोगे आहे.

‘अपोलो’च्या संगणकाची स्मृती आजच्या मानाने अगदी चिमुकली होती. कायमच्या आज्ञांसाठी ३६,८६४ शब्द आणि बदलत्या आकड्यांसाठी २,०४८ शब्द, एवढाच तिचा संसार. कायमच्या आज्ञा अक्षरशः विणलेल्या होत्या. तार बारीक चुंबकीय कड्यातून गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. हे विणकाम मॅसॅच्युसेट्स राज्यातील वॉल्थम येथील रेथिऑन कंपनीच्या कारखान्यात स्त्रिया करीत. कापडगिरणीत व घड्याळाच्या कारखान्यात हात बसलेल्या त्या कारागीर होत्या. चंद्रावर गेलेली आज्ञावली विणकऱ्यांच्या बोटांतून गेली होती, हे गिरणगावच्या लोकांना ऐकून बरे वाटेल.

या संगणकाचा कारभार हॅल लॅनिंग यांनी आखला होता. ठरल्या क्रमाने प्रत्येक कामाला ठरलेला वेळ देण्याची जुनी पद्धत त्यांनी सोडली आणि प्रत्येक कामाला महत्त्वाचा क्रमांक दिला. अधिक महत्त्वाचे काम आले की कमी महत्त्वाचे थांबेल. आणि कामांची गर्दी इतकी झाली की जागाच उरली नाही, तर संगणक सर्व काही टाकून पुन्हा आरंभ करील आणि महत्त्वाची कामे जेथे थांबली होती तेथून उचलील. मार्गारेट हॅमिल्टन यांच्यासारख्यांनी या आज्ञावलीवर वर्षानुवर्षे मेहनत घेतली होती.

२० जुलै १९६९ रोजी यान चंद्राकडे उतरत असता १२०२ ही धोक्याची खूण लागली. नंतर १२०१ ही लागली. झाले होते असे की, त्या घडीला गरज नसलेल्या एका रडारकडून संगणकाकडे निरर्थक ठोक्यांचा पाऊस पडत होता आणि संगणकाचा सुमारे आठवा हिस्सा वेळ त्यातच जात होता. कामे साचली, जागा संपली. मग आखल्याप्रमाणे संगणकाने बिनमहत्त्वाची कामे टाकून दिली. इंजिनाचे नियंत्रण व यानाची दिशा ही कामे धरून ठेवली. आणि आपण असे केले आहे हे त्याने माणसाला कळविले.

या शेवटच्या गोष्टीत सगळे मर्म आहे. कळविल्यावर माणसे गोंधळली नाहीत, याचेही कारण आहे. काही दिवस आधी झालेल्या रंगीत तालमीत अशीच खूण आली होती. तेव्हा मार्गदर्शन विभागाचा तरुण अधिकारी स्टीव्ह बेल्स याने उतरणे रद्द करण्याचा हुकूम दिला. पुढे तपासाअंती कळले की तशी गरज नव्हती. तेव्हा उड्डाणप्रमुख जीन क्रांझ यांनी प्रत्येक खुणेचा अर्थ लावण्यास सांगितले, आणि जॅक गार्मन या चोवीस वर्षांच्या पोरसवदा इंजिनिअराने त्यांची हाताने लिहिलेली यादी टेबलावर ठेवली. प्रत्यक्ष दिवशी यादी समोर होती. ‘चालू द्या’ असा निर्णय काही सेकंदांत झाला. अखेरच्या टप्प्यात खडकाळ जागा दिसताच आर्मस्ट्राँग यांनी नियंत्रण हाती घेतले आणि मोकळ्या जागी यान उतरविले. नजर यंत्राची, मर्यादा आधी चर्चा करून ठरलेली, आणि अखेरचा हात माणसाचा, अशी ती वाटणी होती.

दुसरे उदाहरण जमिनीवरचे आहे. १९८६ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांमधला संगणकांचा संदेशमार्ग तुंबला. अंतर अवघे चारशे यार्डांचे. सेकंदाला बत्तीस हजार बिट वाहून नेणारा मार्ग चाळीस बिटांवर आला. म्हणजे आठशेत एक हिस्सा, एवढाच उरला. कारण साधे होते. मार्ग तुंबला की संदेश हरवत. हरवले की प्रत्येक संगणक तेच पुन्हा पाठवी. त्यामुळे मार्ग अधिकच तुंबे. बस आली की सगळ्यांनी एकदमच दारात घुसावे आणि कोणीच आत जाऊ नये, तशी ही गत.

व्हॅन जेकबसन व मायकेल कॅरल्स यांनी यावर जी तोड काढली ती १९८८ साली प्रसिद्ध झाली. वाहतूक आवरायला मध्ये हवालदार उभा करावा, असे त्यांनी सुचविले नाही. प्रत्येक संगणकाने आरंभ सावकाश करावा. संदेश पोचत आहेत असे दिसले तर थोडे थोडे वाढवावे. संदेश हरवला तर मार्गावर गर्दी आहे असे समजून आपला वेग झटकन खाली आणावा. वाढ हळू आणि माघार मोठी. १९८९ साली इंटरनेटच्या जाहीर नियमपत्रात ही रीत सर्वांना सक्तीची झाली. आज जगभरचा व्यवहार ज्या जाळ्यावर चालतो ते उभे आहे ते या शिस्तीच्या पायावर. हा नियम कोणा एकाच्या तिजोरीत नव्हता. कोणीही तो वाचावा, त्यातली खोट दाखवावी, सुधारावा, अशी सोय होती. एकमेकांना न पाहता पाळलेली ही परस्परांची मर्यादा पाहून संघटनेच्या माणसाला आनंद झाल्यावाचून राहात नाही.

यानंतर नियम उघडे ठेवण्याची ही चाल मागे पडत गेली. २००१ साली आयबीएम कंपनीने एक जाहीरनामा काढला. संगणकांचा पसारा इतका वाढला आहे की त्याची देखभाल करायला माणसे पुरणार नाहीत. म्हणून आता यंत्रांनीच स्वतःला सांभाळावे, दुरुस्त करावे, जपावे. दाखला दिला तो शरीराचा. ऊन लागले की घाम येतो, धावलो की छाती जोराने धडधडते; आपण हुकूम देत नाही. पुढे या कल्पनेतून चार पावलांचे वर्तुळ रूढ झाले. पाहणे, तपासणे, बेत करणे, अंमल करणे. आणि मध्ये साठविलेले ज्ञान. कल्पना मोठी उपयोगी आहे यात शंका नाही. पण दाखल्यात एक फट आहे. माझे शरीर व मी एकच आहोत. घाम मला येतो आणि गारवाही मलाच मिळतो. कारखान्यात तसे नसते. तेथे घाम एकाला येतो आणि गारवा दुसऱ्याला मिळतो. म्हणून ‘यंत्र स्वतःला सांभाळते’ असे कोणी म्हटले की ‘कोणासाठी?’ हा प्रश्न विचारावाच लागतो.

हा प्रश्न न विचारल्याची किंमत पुढे मोजावी लागली. बोइंग कंपनीच्या ‘७३७ मॅक्स’ विमानांना आधीपेक्षा मोठी इंजिने होती. ती पुढे व उंच बसविल्याने काही प्रसंगी विमानाचे नाक वर जाण्याची ओढ वाढली. ती सावरण्यासाठी ‘एमकॅस’ ही आज्ञावली घातली. पंखाला वारा कोणत्या कोनातून भिडतो हे पाहून ती आपण होऊन नाक खाली करी. पण ती एका वेळी एकाच कोनमापकाचे ऐकत असे. आणि वैमानिकांच्या पुस्तिकेत तिचा उल्लेखच नव्हता. वैमानिकांना नव्याने महागडे प्रशिक्षण द्यावे लागू नये, हा कंपनीचा मोठा कटाक्ष होता. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी इंडोनेशियात लायन एअरचे विमान कोसळून १८९ माणसे गेली. कोनमापक सुमारे एकवीस अंशांनी चुकत होता. वैमानिकांनी वीसहून अधिक वेळा नाक वर घेतले, आणि दर वेळी आज्ञावलीने ते पुन्हा खाली केले. १० मार्च २०१९ रोजी इथिओपियात दुसरे विमान पडले आणि आणखी १५७ माणसे गेली.

या दोन अपघातांच्या मधल्या काळात, नोव्हेंबर २०१८ मध्ये, अमेरिकन एअरलाइन्सच्या वैमानिकांच्या संघटनेने कंपनीच्या अधिकाऱ्यांना समोर बसवून जाब विचारला. ही व्यवस्था विमानात आहे हे आम्हांला सांगितलेच का नाही, असा वैमानिकांचा सवाल होता. त्वरित दुरुस्तीचा आग्रहही त्यांनी धरला. विमाने मात्र उडत राहिली. दुसऱ्या अपघातानंतर ती जगभर जमिनीवर आणावी लागली. चंद्रावर उतरणाऱ्या यानात व या विमानात आज्ञावलीच्या हुशारीचा फरक नव्हता. तेथे नजर चुकली तरी यंत्राने माणसाला सांगितले, आणि माणसाजवळ यादी होती. येथे नजर चुकली तेव्हा यंत्र गप्प राहिले, आणि माणसाला आपण कोणाशी झुंजतो आहोत हेच ठाऊक नव्हते.

आता आकाशातून रस्त्यावर येऊ. मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर घरपोच जेवण पोचविणारी पोरे, भाड्याची गाडी चालविणारे चालक रोज अशाच आज्ञावलीच्या हुकमावर चालतात. पाऊस, गर्दी, मागणी, मोकळे असलेले चालक, हे सर्व ती पाहते आणि काम कोणाला द्यायचे व भाडे किती धरायचे ते क्षणोक्षणी बदलते. गव्हर्नरच्या काळी वाफ हा परिसर होता. ‘एक्स-१५’ मध्ये हवा हा परिसर होता. येथे काम करणारा माणूस स्वतःच परिसर झाला आहे. तो दमला, नाही म्हणाला, घरी लवकर गेला, की त्या खबरेवरून आज्ञावली आपली चाल बदलते. मर्यादा कोणती ठेवली आहे, लवकरात लवकर पोच की कमीत कमी खर्च की माणसाची सुरक्षितता, हे त्याला सांगितले जात नाही. आणि हात तर पूर्णपणे पलीकडचाच आहे.

येथे आपल्या कामगार चळवळीने पूर्वी मिळविलेली एक गोष्ट आठवते. १९४६ साली औद्योगिक रोजगार स्थायी आदेश कायदा झाला. कामाच्या वेळा, पाळ्या, रजा, शिक्षा यांचे नियम मालकाने लिहून काढावेत, ते प्रमाणित करून घ्यावेत, आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत फलकावर लावावेत, असे त्याने ठरविले. पुढे १९५६ साली औद्योगिक विवाद कायद्यात ९-अ हे कलम आले. सेवेच्या ठरावीक अटींत बदल करायचा तर एकवीस दिवसांची सूचना द्यावी, असे त्यात होते. आणि कामगार कमी होतील अशी यंत्रसुधारणा हीदेखील त्या यादीत होती. बँकांत संगणक आले तेव्हा सप्टेंबर १९८३ मध्ये कर्मचारी संघटना व बँका यांच्यात करार झाला, आणि यंत्रे कोठे व किती बसवायची याच्या मर्यादा कागदावर आल्या. या साऱ्यांमागचे तत्त्व एकच होते. नियम लिहिलेला असावा, दिसावा, आणि बदलण्याआधी सांगितला जावा.

क्षणोक्षणी बदलणाऱ्या आज्ञावलीला एकवीस दिवसांची सूचना कशी लागू करणार, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर इतिहासाने दिलेलेच आहे. पावसात दर कितीने हलला हे दर क्षणाला विचारण्याची गरज नाही. गोळे केव्हा वर गेले व केव्हा खाली आले याची नोंद वॅटच्या कारखान्यातही कोणी ठेवीत नसे. विचारायचे ते असे की, आज्ञावली काय काय पाहते? कोणती मर्यादा तिला आखून दिली आहे? दर कोठपर्यंत खाली जाऊ शकतो? आणि ती चुकली तर कोणत्या माणसाकडे दाद मागायची? या चार गोष्टी क्षणोक्षणी बदलत नाहीत. त्या कोणीतरी माणसानेच बसून ठरविलेल्या असतात. हेच आज्ञावलीचे स्थायी आदेश होत, आणि ते फलकावर लागले पाहिजेत.

ही मागणी हवेतली नव्हे. स्पेनमध्ये २०२१ साली कायदा झाला. कामाच्या अटींवर परिणाम करणारी आज्ञावली कोणत्या निकषांवर चालते, हे मालकाने कामगारांच्या प्रतिनिधींना सांगावे असे त्यात आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये युरोपीय संघाने अशा मंचांवरील कामगारांसाठी निर्देश संमत केला. स्वयंचलित निर्णयांवर माणसांची देखरेख ठेवणे त्यात बंधनकारक केले आहे. वीनर यांनी १९४९ साली जे पत्र धाडले, त्याचे उत्तर पाऊणशे वर्षांनी कायद्याच्या भाषेत येऊ लागले आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

श्रोतेहो, परिस्थितीशी जुळवून घेणारे यंत्र ही माणसाच्या बुद्धीची मोठी कमाई आहे. ती नाकारण्यात शहाणपण नाही. तिने जीव वाचविले आहेत आणि कष्टही हलके केले आहेत. आपले भांडण यंत्राच्या नजरेशी नाही, त्याच्या चपळाईशीही नाही. मर्यादा कोणी ठरवायची, ती कोणाला सांगायची, आणि वेळ आली तर हात कोणाचा चालायचा, एवढ्याच तीन गोष्टींवर आपला हक्क आहे. ‘सिस्टिमने बदलले’ हे उत्तर त्या हक्काला पुरे पडत नाही. सिस्टिमने ज्या मर्यादेत बदलले ती मर्यादा लिहिणारा माणूस आहे, त्याचे टेबल आहे, आणि त्या टेबलाशी आपली एक खुर्ची असली पाहिजे.